पोत्यांमागची खिडकी

परभणी
७ डिसेंबर, रविवार

प्रिय अण्णा,

आधी माफी मागते. तुला जाऊन वर्ष होत आलं आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. डायरी रोज लिहिते, तुला ठाऊक आहे. नळाला पाणी आलं की नाही, गुडघा किती दुखला, कॉलेजात कोण काय म्हणालं, सगळं लिहिते. तुझ्याविषयी लिहायला बसले की मात्र हात आखडायचा. ते दुःखामुळे, असं मी आजवर समजत होते.

आज दुपारी दत्ताचा फोन आला आणि कळलं की ते दुःख नव्हतं. तिरस्कार होता. सख्ख्या भावासाठी हा शब्द लिहिताना मी तो दोनदा खोडला. तिसऱ्यांदा तसाच राहू दिला आहे.

दत्ता आपला धाकटा, पण वालूरचं घर आणि शेत आता त्याच्याच हुकुमावर चालतं. आधी त्यानं माझी तब्येत विचारली. कामाचं बोलायचं असलं की तो तब्येतीपासून सुरू करतो. बाबांना लकवा झाल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणावर, हे तू बघूनच गेलास. दत्ताच्या बायकोला, शोभाला, आता ते झेपत नाही म्हणे. मग थोडं खाकरून तो मुद्द्यावर आला.

“आक्का, तू एकदा पाथरीला जाऊन ये. त्या बाईचं आन् तुझं जमतंय. नर्स व्हत्या, त्यांला सवय हाय समद्याची. आता रिटायर झाल्यात, एकट्याच हायत. अण्णाची खोली हायच की. पोती जराशी सरकवली की एक खाट बसती.”

त्या बाई म्हणजे शालन! जिला या घरानं तू जिवंत असेपर्यंत उंबरा ओलांडू दिला नाही, तिनं आता यावं आणि बाबांचं ढुंगण धुवावं. आणि तेही पोती बाहेर न काढता, नुसती सरकवून.

मी काय म्हणाले असेन? “बघते,” म्हणाले. फोन ठेवला आणि लक्षात आलं की हा शब्द माझा नाही, तुझा आहे. आयुष्यभर तू हा एकच शब्द या घरात पेरलास आणि आता तो माझ्या तोंडातही उगवला. म्हणून आज लिहिते आहे.

तुझं ते पुस्तक माझ्या टेबलावर आहे. रद्दीवाल्याकडून आणलेलं, मुखपृष्ठ नसलेलं, कुणी लिहिलं याचा पत्ता नसलेलं. आयर्लंडमधल्या खेड्यांतल्या गोष्टी. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका सावलीला भाकरी खायला बसल्या की तू त्यातली एखादी सांगायचास. जिंतूरला पोरांना इंग्रजी शिकवताना तुझा आवाज कधी चढत नसे, पण बांधावर बसून तू काय रंगायचास! प्रत्येक गोष्टीत पाऊस, चिखल, बोटीत बसून अमेरिकेला गेलेलं कुणी तरी, मागे राहिलेलं कुणी तरी, आणि एक म्हातारी, जी मरता मरत नाही.

आईला त्या फार आवडायच्या. एकदा ती म्हणाली होती, “आपल्यासारखेच हायत की रं हे. मग त्यांला गोरे कामून म्हणायचं?”

सगळ्यांत आवडती गोष्ट माक्याची. पुस्तकात त्याचं नाव वेगळं आहे, तू त्याला माक्या केलंस. चाळिशीचा शेतकरी, घरात म्हातारी आई, आणि शेजारच्या गावची नोरा त्याची वाट बघते आहे. माक्या तिला सांगतो की एक खोली बांधतो, मग लग्न करू. दरसाल एक भिंत उभी राहते. शेवटी छप्पर पडतं, तर त्या साली थंडी कडक. आई म्हणते, एवढा हिवाळा वासरं आत बांध, मग तुमचं काय ते बघू. तू वासरांचं हंबरणं काढायचास आणि बायका हसून लोळायच्या.

“मग लगीन झालं का त्यांचं?” आई दरवेळी विचारायची.

“व्हतंय की. दम धर,” तू म्हणायचास आणि उठून धोतराची, चुकले, पँटची माती झटकायचास. धोतर बाबांचं. तुम्हा दोघांची गल्लत माझ्याकडून अलीकडे फार होते.

गोष्ट सांगून दोन सुगी गेल्या असतील नसतील, तू गोठ्याला लागून खोली बांधायला काढलीस. आठवतं? तेव्हा मी माहेरी आले होते. आईला विचारलं तर म्हणाली, अण्णाला पेपर तपासायला निवांत जागा पाहिजे. पेपर तपासायला! सेलूच्या दवाखान्यात तू तापानं पडलेला असताना शालन तुला भेटली, ही गोष्ट तोवर बसस्टँडवरच्या चहावाल्यालाही माहीत होती. फक्त आपल्या घराला माहीत नव्हती. आपलं घर गरज असेल तेवढंच ऐकतं.

शालननं तुझ्याकडे एवढंच मागितलं होतं की खोलीला पूर्वेकडे खिडकी असावी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळचं ऊन पाहिजे असतं, असं ती म्हणाली होती. तू ठेवलीस खिडकी. हे तुझ्या बाजूनं लिहिलं पाहिजे. सागाची चौकट, हिरवा रंग, आतून कडी.

मग बाबांनी त्या खोलीत खताची पोती टाकली. “एवढा हंगाम,” म्हणाले. त्याच्यानंतर सोयाबीनची, भाव येईपर्यंत. मग खोली पोत्यांचीच झाली. तू चिडलास का? नाही. तू दारात उभा राहिलास, आत बघितलंस आणि हातपाय धुवायला गेलास. मी तिथंच होते.

कारणं किती होती, आणि किती चांगली! खोलीच्याही आधी माझं लग्न व्हायचं होतं. नंतर दत्ताचं. मुलीकडच्यांना म्हणे मोठा भाऊ बिनलग्नाचा असलेलाच बरा वाटत होता, जमिनीचे वाटे होणार नाहीत म्हणून. मग विहीर आटली. मग आई दुखण्याला लागली आणि म्हणाली, माझ्या देखत दुसऱ्या जातीची चुलीपुढं नको. आई गेली, तर वर्षाच्या आत शुभकार्य नको. वर्ष सरलं, तर बाबा पडले. दरवेळी तू पाथरीला जाऊन शालनला सांगायचास, पुढच्या सुगीनंतर बघू. ती चहा करायची. तू शेवटच्या गाडीनं परत यायचास.

अण्णा, तू पगारदार माणूस होतास! जिंतूरला खोली घेतली असतीस तर कोण अडवणार होतं? बाबांनी फार तर तोंड फिरवलं असतं. एवढ्या एका तोंडाला भिऊन तू एका बाईचं आख्खं तारुण्य चहात बुडवलंस.

हे फार कडू झालं का? मघापासून हेच वाक्य परत परत वाचते आहे. तू वाईट नव्हतास. माझ्या मुलीला सायकल तू शिकवलीस, आईचे पाय रोज तू चेपलेस. पण वाईट नसणं हीच तुझी पळवाट होती. वाईट माणसाला निदान एखादी गोष्ट हिसकावून घ्यावी लागते. तुला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं, फक्त शालनचं सोडून. कारण ते मोडलं तरी आवाज करत नव्हतं.

तुझ्या कॉलेजातल्या शोकसभेत एका प्राध्यापकानं तुला भीष्म म्हटलं. कुटुंबासाठी संसार त्यागला, म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. दत्तानं डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसून फरशीकडे बघत होते. भीष्माला निदान प्रतिज्ञा तरी करावी लागली होती. तू नुसता थांबलास. “नुसता” हा शब्द अन्यायाचा आहे का? विचार केला. नाही.

आता ते लिहिते जे तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा अंगणात पांढऱ्या कापडाखाली होतास.

तिरडी बांधून झाली आणि बापूकाकांना आठवण झाली. बाबांचे हे चुलतभाऊ कुणाच्या मयतीला उशिरा येत नाहीत. म्हणाले, गडी बिनलग्नाचा हाय, असाच कसा न्यायचा, जीव घुटमळत राहील. लगेच कुणी तरी ओढ्यावर पळालं आणि रुईची फांदी घेऊन आलं. मी ऐकून होते की आपल्याकडे अशी रीत आहे. बघितली नव्हती.

तुला हळद लावली. कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. हार्ट अटॅकनं निळसर पडलेला तुझा चेहरा, त्यावर ती हळद. रुईच्या फांदीला पिवळा दोरा गुंडाळून ती तुझ्या हाताशी ठेवली. बापूकाकांनी घाईघाईत चार शब्द पुटपुटले, लोकांनी अक्षता टाकल्या, आणि झालं. जे लग्न लावायला या घराला अर्धं आयुष्य पुरलं नाही, ते चुलीवरचं पाणी तापायच्या आत लागलं. एकानंही “बघू” म्हटलं नाही!

आणि का म्हणावं? रुईच्या फांदीला जात नसते. ती वाटा मागत नाही. चुलीपुढं बसत नाही, खिडकी पाहिजे म्हणत नाही. एवढी सोयीची सून आपल्या घराला दुसरी कुठं मिळाली असती? बाबांना खुर्चीत बसवून अंगणात आणलं होतं. त्यांनी चांगल्या हातानं अक्षता टाकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं, म्हणून लिहिते. त्या पाण्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

शालन आली होती. पाथरीहून जीपनं. रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, परक्या बायकांमध्ये उभी होती. अक्षतांचं ताट फिरवणारी बाई तिला ओळखत नव्हती. तिनं सगळ्यांच्या हातावर ठेवल्या तशा तिच्याही हातावर ठेवल्या.

मी धावत तिच्याजवळ गेले तेव्हा सगळ्यांच्या टाकून झाल्या होत्या. तिची मूठ मिटलेलीच होती.

“मंगल, ह्या कुठं टाकू गं?” तिनं विचारलं.

तिनं कमरेची दस्ती काढली, तांदूळ त्यात बांधले आणि जीप निघायच्या आधी जायला पाहिजे म्हणाली. तुझ्या लग्नाला एवढी एकच व्यक्ती आली होती जिला ते लग्न आहे हे कळत होतं.

यानंतर काही महिन्यांनी मी ते पुस्तक वाचायला घेतलं. माझं इंग्रजी कॉलेजपुरतं, म्हणून शेजारी शब्दकोश. माक्याच्या गोष्टीचा शेवट तू आम्हाला कधीच सांगितला नव्हतास, म्हणून आधी तीच काढली.

लग्न होत नाही, अण्णा. एका रविवारी नोरा न बोलावता येते. माक्या वासरांना चारा घालत असतो. खोलीच्या खिडकीतून एक वासरू तोंड बाहेर काढून बघत असतं. नोरा त्याच्या नाकावर हात फिरवते आणि म्हणते, वासरं छान अंगाला लागली आहेत. मग घरी जाते. वसंत ऋतूत बोटीत बसते. माक्या आईला सांगतो की आत अजून एक वासरू सहज मावेल. गोष्ट तिथं संपते. लिहिणारा त्याच्यासाठी एक शब्द जास्त खर्च करत नाही.

म्हणजे तुला माहीत होतं! मला वाटायचं, बिचाऱ्याला आपणच त्या गोष्टीत आहोत हे दिसलं नाही. पण खोलीचा पाया खणताना तुला तिचा शेवट पाठ होता. पोती बघून तू हातपाय धुवायला गेलास तेव्हाही पाठ होता. लोक पुस्तकं वाचून शहाणे होतात, असं मी माझ्या कॉलेजात पोरींना सांगत असते. तू वाचून फक्त हंबरायला शिकलास.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

आता आजचं राहिलेलं सांगते. दत्ताचा फोन ठेवून मी चहा टाकला, तोवर शालनचाच फोन आला. शोभानं कुणाकरवी तिच्या कानावर घातलंच होतं. माझ्या “बघते”वर त्यांचा भरवसा नसावा. शहाणी आहेत माणसं.

शालन सावकाश बोलत होती. म्हणाली, “मला काई वाटणार न्हाई गं मंगल. म्हाताऱ्या माणसाचं करायचं, त्यात काय? जिंदगीभर तेच केलं. हितं तरी दिसभर भिंतीकडं बघायलेय.” मग तिनं विचारलं, “त्या खोलीला खिडकी ठेवली व्हती का त्यांनी? मी एकदा म्हणले व्हते.”

एवढ्या वर्षांत तिनं ती खोली पाहिलेली नाही, अण्णा. आणि तू तिला सांगितलंही नव्हतंस की खिडकी ठेवली! का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर ती बघायला आली असती, म्हणून ना?

मी म्हणाले, जरा वेळानं फोन करते. तेव्हापासून इथं बसले आहे.

खिडकी नाही, तू तिचं एवढंही ऐकलं नाहीस, असं सांगितलं तर ती येणार नाही. एक शब्द पुरेल, आणि ती वाचेल. खिडकी आहे असं सांगितलं तर ती एक पिशवी घेऊन येईल, पोत्यांशेजारी खाट टाकेल, बाबा जाईपर्यंत त्यांचं करेल, आणि मग दत्ता एके दिवशी तिची तब्येत विचारायला सुरुवात करेल.

क्षणभर मला तिचाही राग आला. इतकं होऊन ही बाई खिडकीचं विचारते! पण मग वाटलं, तिच्यासाठी काय बरं हे ठरवणारी मी कोण? या घरानं तिच्या वतीनं आजवर पुष्कळ ठरवलं. तिला न विचारता, तिच्या भल्याचं नाव न घेता. मी भल्याचं नाव घेऊन तेच करणार, एवढाच फरक. खोटं मला बोलता येणार नाही. खरं बोलून गप्पही बसता येणार नाही.

म्हणून मी दत्ताला उलट फोन लावला. म्हटलं, निरोप द्यायचा का नाही ते माझं मी बघीन, तू आधी अण्णाच्या खोलीतली पोती बाहेर काढ.

“समदी?” तो म्हणाला. “आक्का, काय करायलीस? सोयाबीनला भाव याऊ दे की.”

“कधी येणार?”

“संक्रांतीनंतर बघू.”

अण्णा, तू ऐकलंस ना? तू गेलास, पण आपल्या घरात तुझी जागा रिकामी झाली नाही. पुस्तकातल्या त्या ओल्या मुलखात वासरं बाहेर काढायला कुणी आलं नाही. इथं मी आहे, दंडात अजून जोर आहे, आणि मजुरीवर दोन माणसं मला वालूरच्या पारावर मिळतील. पोती दत्ताच्या बैठकीत लावीन, त्याच्या सोफ्याला लागून. भाव येईपर्यंत तो त्यांच्याकडे बघत टीव्ही बघेल.

तुला वचन देते ते हे. मी शालनला घेऊन येईन आणि ती खोली दाखवीन. कालपर्यंत इथं पोती होती, आणि तिच्यासाठी ती नुसती सरकवायचं ठरलं होतं, हे तिला उभ्या उभ्या सांगीन. खिडकी तिच्या हातानं उघडू देईन. मग तिथंच बसून तिला माक्याच्या गोष्टीचा शेवट वाचून दाखवीन, आपल्या बोलीत, एक शब्द न गाळता. त्यानंतर ती थांबो, नाही तर पाथरीच्या गाडीत बसो, मी “बघू” म्हणणार नाही आणि कुणाला म्हणू देणार नाही. ती गेली तर बाबांचं करायला मी आणि दत्ता आहोत. तिला जे करायला बोलावत होतो, ते आपलं काम होतं.

तुला माफ केलं का? ते अजून नाही. तशी घाई नाही. या घरात तू मला एवढं तरी शिकवलंस.

तुझी,
मंगल

उद्या : वालूर. खोलीतली पोती बाहेर काढणे.